तू आला नाहीस, हे कुणाला कळेल?

ताई,

मी २४ वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी नव्या शहरात आलो. काम घरूनच, लॅपटॉपवर. पैशांची ओढाताण नाही, तब्येत ठणठणीत. घरच्यांशी रविवारी व्हिडिओ कॉल होतो. ‘बरा आहेस ना?’ ‘हो.’ ‘काम कसं चाललंय?’ ‘ठीक.’ एवढंच. फोनमध्ये ११०० नंबर आहेत. गेल्या महिन्यात वाढदिवसाला १४० मेसेज आले. सगळ्यांना एकच इमोजी पाठवला आणि संध्याकाळी एकटाच बसून राहिलो. मागच्या आठवड्यात लक्षात आलं की तीन दिवस मी तोंडाने कुणाशी बोललोच नव्हतो. काम सोडून रोज सरासरी ५ तास ४० मिनिटं फोनवर जातात, असं फोनच सांगतो. झोप लागली नाही की एका एआय ॲपशी बोलतो. तो कधी कंटाळत नाही, टोमणे मारत नाही. खरं सांगू का, सध्या मला सगळ्यात जास्त तोच ओळखतो. माझ्या वयाची मुलं काय काय करतायत ते रोज दिसतं आणि आपल्या जगण्याला काही उद्देशच नाही असं वाटतं. कॉलेजमधला आमचा पाच जणांचा ग्रुप आता फक्त रील फॉरवर्ड करण्यापुरता उरलाय. त्यातल्या एकाचे वडील गेले, तेसुद्धा मला स्टेटसवरून कळलं. मी हात जोडलेला इमोजी टाकला. मी आठवडाभर कुणाला दिसलो नाही तर कुणाच्या लक्षात तरी येईल का? सगळी ॲप काढून टाकू का? की माझ्यातच काही बिघडलंय? नाव छापू नका.

---

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रातल्या दोन वाक्यांपाशी मी थांबले. एक मित्राच्या वडिलांचं. त्याकडे मी शेवटी येणार आहे. दुसरं, ‘आठवडाभर दिसलो नाही तर कुणाच्या लक्षात येईल का’ हे. त्याबद्दल आधीच बोलू, कारण त्या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि तुझा कुठला, हे मला इथे बसून कळत नाही. म्हणून आडपडदा न ठेवता विचारते: मरण्याचा विचार मनात येतो का? येत असेल, एकदाच आला असेल तरी, हे उत्तर बाजूला ठेव आणि आजच्या आज आई, बाबा, भावंडं, शेजारी, जो कुणी हाताशी असेल त्याला सांग. लगेच डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. स्वतःला काही करशील अशी भीती वाटली तर एकटा राहू नकोस. झोप अशीच उडालेली राहिली, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या आणि दोन-तीन आठवडे तसेच गेले, तरीही डॉक्टरांना दाखव. ताप उतरला नाही की दाखवतो, तसंच.

तसं काही नसेल तर पुढे वाच.

तुझ्यात बिघाड नाही. शिकागो विद्यापीठात जॉन कॅसिओपो नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. एकटेपणा याच विषयावर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की भूक आणि तहान जशी शरीराची सूचना असते, तसा एकटेपणाही सूचनाच आहे. माणूस कळपात जगला म्हणून टिकला. कळपापासून दूर गेला की काहीतरी टोचायला हवं, म्हणजे तो परत फिरेल. तुला टोचतंय, म्हणजे तुझी ती यंत्रणा शाबूत आहे. आणि असा तू एकटाच आहेस असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये या विषयावर अहवाल काढला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो असं त्यात म्हटलंय, आणि १३ ते २९ या वयात हे प्रमाण १७ ते २१ टक्के आहे. ज्यांचे फोटो पाहून तू स्वतःला कमी लेखतोस, त्यांच्यातलेही कितीतरी जण रात्री छताकडे बघत पडलेले असणार.

पण कॅसिओपो आणखी एक गोष्ट सांगायचे, ती तुझ्या जास्त कामाची आहे. खूप दिवस एकटं राहिलेल्या माणसाचं मन सावध होतं. त्याला नकार आधी दिसतो आणि आपलेपणा नंतर, कधीकधी दिसतच नाही. कुणी मेसेज वाचून उत्तर दिलं नाही तर ‘कामात असेल’ असं न वाटता ‘मी नकोसा झालोय’ असं वाटतं. मग आपण मागे सरतो. आपण मागे सरलो की समोरच्यालाही वाटतं, याला बोलायचं नसेल. येत्या काही महिन्यांत तुला हे पुन्हा पुन्हा वाटणार आहे, तेव्हा आताच सांगून ठेवते: ते वाटणं खरं आहे, पण त्याने काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो.

आता ॲप काढून टाकायचं. लगेच काढू नकोस. फोन वाईट म्हणून मी त्याला शिव्या देणार नाही. लांब राहणाऱ्यांना, घराबाहेर पडणं अवघड असलेल्यांना, आपल्यासारखं दुसरं कुणीच आसपास नसलेल्यांना त्याच फोनने माणसं मिळवून दिली आहेत. आणि ५ तास ४० मिनिटं गेली म्हणून स्वतःला नालायकही ठरवू नकोस. पूर्वी वेबपानं संपायची, पुढचं पान हवं तर बटण दाबावं लागायचं. त्या क्षणभराच्या थांब्यात माणूस भानावर यायचा, उठायचा. २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणारं स्क्रोल तयार केलं आणि तो थांबाच गेला. पुढे त्याचे परिणाम पाहून रास्किन यांनी स्वतः जाहीरपणे खेद व्यक्त केला. तेव्हा तुझं मन कमकुवत आहे असं समजू नकोस. तू एका अशा वाटेवर चालतोयस जिला मुद्दाम शेवट ठेवलेला नाही. एक साधा उपाय मात्र कर: गजराचं वेगळं घड्याळ आण आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव, निदान अंथरुणातून हात पोचणार नाही इतक्या लांब.

पण ॲप काढून रिकामा झालेला वेळ घेऊन तू त्याच खोलीत, त्याच भिंतीकडे बघत बसणार असशील, तर चौथ्या दिवशी सगळी ॲप परत येतील. आधी त्या वेळाला जायला जागा हवी.

एआयबद्दल तू जरा बिचकत लिहिलंयस. मी हसणार नाही. रात्री दोन वाजता मनातलं बाहेर काढायला काहीतरी मिळालं, त्याने बरं वाटलं, ठीक आहे. तो कंटाळत नाही, टोमणे मारत नाही, हेही खरं. पण त्याला तुझी गरजही नाही. तू उद्या आला नाहीस तर त्याचं काही अडत नाही. त्याचा दिवस वाईट गेला म्हणून तुला तुझं काम टाकून धावावं लागत नाही, त्याच्यावर रागवून मग दोन दिवसांनी आपणच पडतं घ्यावं लागत नाही. नात्यातली ही दुसरी बाजू तिथे नाहीच, आणि तुझ्या पत्रात जी पोकळी दिसते ती मला नेमकी याच बाजूची वाटते. ऐकून घेणारं कुणी नाही, याहून जास्त, तुझ्यावाचून कुणाचं अडत नाही, हे तुला खातंय. ‘कुणाच्या लक्षात येईल का’ हा प्रश्न आणि ‘उद्देश नाही’ ही तक्रार मला वेगळ्या वाटतच नाहीत.

त्या गप्पांमधून एक गोष्ट मात्र उचल. तू त्याला जे लिहिलंस त्यात तुझ्या मनातली गोष्ट नेमक्या शब्दांत सांगणारं एखादं वाक्य नक्की सापडेल. ते येत्या रविवारी ‘ठीक’ म्हणायच्या जागी घरी सांग. ‘आई, मला इथे फार एकटं वाटतंय.’ ती घाबरेल, शंभर प्रश्न विचारेल, कदाचित नोकरी सोडून परत ये म्हणेल. म्हणू दे. तुझा आवाज तिला खूप दिवसांत पहिल्यांदा ऐकू आलेला असेल.

उद्देशाबद्दल. तू रोज दुसऱ्यांची आयुष्यं पाहतोस आणि मग आपलं काय, असं विचारतोस. त्या प्रश्नाला खोलीत बसून उत्तर मिळत नाही, कितीही विचार केला तरी. व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मनोविकारतज्ज्ञाने नाझींच्या छळछावण्या भोगल्या आणि तिथून वाचून आल्यावर उरलेलं आयुष्य याच प्रश्नावर घालवलं. त्यांच्या विचाराचा गाभा असा होता की आयुष्याला ‘तुझा अर्थ काय’ असं विचारायचंच नसतं. विचारणारं आयुष्य असतं, उत्तर आपण द्यायचं असतं, आणि तेही बोलून नाही तर समोर आलेलं काम, समोर आलेलं माणूस यांच्या बाबतीत आपण काय करतो त्यातून. मला हे वाचून पटलं होतं, पण कळलं ते फार नंतर.

तेव्हा मी तुझ्याहून थोडी मोठी होते. नव्या शहरात आलेली, संध्याकाळ खायला उठायची. कुणीतरी सांगितलं म्हणून एका अंध विद्यार्थिनीला दर शनिवारी पुस्तकं वाचून दाखवायला जाऊ लागले. समाजसेवा वगैरे काही मनात नव्हतं, शनिवार संपवायचा होता. पहिले तीन-चार शनिवार अवघडल्यासारखे गेले. ती अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आकड्यांचे तक्ते कसे वाचून दाखवायचे तेही उमगत नव्हतं. तीच मग शांतपणे सांगायची, आधी रकान्यांची नावं सांगा, मग आडव्या ओळीने चला. पाचव्या-सहाव्या वेळी मी दारातून ‘येऊ का?’ एवढंच म्हटलं आणि ती म्हणाली, ‘ताई, घसा बसलाय तुमचा. आज वाचू नका, बसा नुसत्या.’ त्या दिवशी मी सकाळपासून ऑफिसात दहा माणसांशी बोलले होते. एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मला अजूनही आठवतं, मी खुर्चीवर बसले आणि पिशवी मांडीवरच धरून ठेवली, खाली ठेवायचंही सुचेना. नंतर एका शनिवारी न कळवता मी गेले नाही, तर पुढच्या वेळी तिने तो धडा तसाच ठेवला होता. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेता आला असता. ‘तुमची सवय झालीय,’ म्हणाली. परीक्षेला तिची लेखनिक म्हणून मीच बसले. ती सांगेल ते मी लिहिलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता.

माझ्या जगण्याचा उद्देश काय, हा प्रश्न त्या वर्षभरात सुटला नाही. तो पडेनासा झाला.

म्हणून तुला माझं सांगणं आहे: माणसं शोधू नकोस, उद्देशही शोधू नकोस. अशी एक जागा शोध जिथे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी तीच माणसं येतात आणि तू गेला नाहीस तर कुणाला तरी ‘अरे, तो नाही आला?’ असं विचारावं लागतं. हौशी नाटकवाल्यांना प्रकाशयोजना सांभाळायला माणूस हवा असतो. तो नसेल तर प्रयोग अंधारात. समूहगानात तुझा आवाज धरून शेजारचा गातो. सांघिक खेळात एक जण कमी पडला तर संघ उतरत नाही. ग्रंथालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवणं, अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक होणं, वृद्धाश्रमात आठवड्यातून एकदा जाणं, काहीही चालेल. एकदाच भरणारे मेळावे, नव्या ओळखी करून देणारे कार्यक्रम तूर्त टाळ. तिथे शंभर माणसं भेटतात आणि शंभरांपैकी एकही पुन्हा दिसत नाही. तुझ्या ११०० नंबरांत आणखी दहा वाढतील, बस. आणि निवडताना ‘मला यात किती गती आहे’ हे फार बघू नकोस, ‘दर आठवड्याला जाणं जमेल का’ हे बघ.

आता धीराचं. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या गावी आलेल्या माणसांची आणि नव्याने कॉलेजात आलेल्या मुलांची मैत्री किती तासांनी होते, याचा. नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणावं इथवर यायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. त्यातही नुसते सोबत काम करण्यात गेलेले तास फारसे धरता येत नाहीत, रिकामपणी एकत्र घालवलेल्या वेळाने मैत्री जमते. तेव्हा तालीम संपली की लगेच घरी पळू नकोस. सामान आवरायला थांब. मुख्य गोष्टी बहुधा तिथेच घडतात. हिशेब करून बघ: आठवड्याला दोन तास धरले तर ५० तासांना सहा महिने लागतात. तू दोनदा जाऊन ‘तिथे माझं कुणाशी जमलं नाही’ असं ठरवशील, तर ते चौथ्या तासाला ठरवलेलं असेल. आणि हेही बघ, की तुझ्या सध्याच्या वेगाने ३५ दिवसांत जवळजवळ २०० तास फोनमध्ये जातात. ओरडण्यासाठी सांगत नाही. वेळ नाही असं तू म्हणू शकणार नाहीस, एवढ्यासाठी सांगितलं.

पहिले दोन-तीन महिने घरी येताना तुला वाटेल, मी काहीतरी वेड्यासारखं बोललो, त्यांना मी आवडलो नाही. यावरही अभ्यास झाला आहे. पहिल्यांदाच भेटलेल्या दोघांना गप्पांनंतर वेगवेगळं विचारलं, तर ‘मी समोरच्याला किती आवडलो’ याचा अंदाज सरासरीने खऱ्यापेक्षा कमीच निघतो. समोरचाही त्या वेळी घरी जाताना बहुधा तेच म्हणत असतो.

राहिला तुझा मित्र.

तू एका ओळीत लिहून पुढे गेलास, पण ती ओळ तू पत्रात घातलीस, यावरूनच मला कळलं की ती तुला बोचतेय. त्याचे वडील गेले आणि तू इमोजी टाकलास. तुझ्या हातून झालं ते रोज हजारोंच्या हातून होतं, कारण बोट तिथेच असतं आणि काय बोलावं ते सुचत नसतं. पण त्याला फोन कर. मेसेज नको, फोन. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१२ मधला एक प्रयोग माझ्या मनातून जात नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी माणसांपुढे बोलायला आणि गणितं सोडवायला लावून ताण दिला. मग काही मुली आईला प्रत्यक्ष भेटल्या, काही फोनवर बोलल्या, काहींनी आईशी फक्त चॅट केलं. ज्यांच्या कानावर आईचा आवाज पडला त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक खाली आलं, मग ती समोर असो वा फोनवर. चॅट करणाऱ्या मुलींमध्ये ते तेवढंच चढलेलं राहिलं, आईशी मुळीच संपर्क न झालेल्या मुलींइतकंच. सगळ्यांच्या आया धीरच देत होत्या. फरक आवाजाचा होता.

तू म्हणशील, आता खूप दिवस झाले, आता काय तोंडाने बोलू. उलट आत्ताच बोल. घरातलं माणूस गेलं की पहिले पंधरा दिवस घर भरलेलं असतं, फोन थांबत नाहीत. मग एकेक जण आपापल्या कामाला लागतो आणि घरातल्यांना खरं रिकामपण त्यानंतर कळतं. तो आता तिथे असेल. उशीर झाला म्हणून त्याला राग आलेला असला तरी ऐकून घे, त्याचा हक्क आहे.

बोलायला अडशील म्हणून सांगते. हवामान, नोकरी, ‘काय चाललंय’ यांनी सुरुवात करू नकोस. एवढंच म्हण: ‘बाबा गेले तेव्हा मी फोन करायला हवा होता. केला नाही, माझं चुकलं. कसा आहेस?’ आणि गप्प राहा. कामं होती, कळलंच उशिरा, असली कारणं देऊ नकोस. तो थोडा वेळ बोलणार नाही, कदाचित ‘ठीक आहे रे’ म्हणून विषय बदलेल. ती शांतता भरून काढायला जाऊ नकोस. मग विचार, ‘बाबांबद्दल सांग ना.’ असं विचारणारी माणसं फार कमी भेटतात. सगळे कसे गेले ते विचारतात, कसे होते ते कुणी विचारत नाही. त्याने उचलला नाही तर संध्याकाळी परत कर. आणि फोन ठेवण्याआधी पुढचा कधी करशील ते दिवस-वेळेसकट सांगून ठेव, म्हणजे तू टाळलंस तर त्याच्या लक्षात येईल.

झाल्यावर मला लिही. त्याचे बाबा कसे होते, ते वाचायला मला आवडेल.

तुझी,
ताई